साडेसहाशेचं भिंग, सड्यावरचा कवळा आणि दोन पावसाळे

दोन पावसाळे वापरून झालं, आता लिहायला हरकत नाही. वस्तू घरात आल्यावर आठ दिवसांत जे रिव्ह्यू पडतात ना, "पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत, पाच स्टार", त्यांचा मला भयंकर राग आहे, कारण असलेच रिव्ह्यू वाचून मी एकदा चांगला फसलोय. ते पुढे येईलच.

वस्तू काय, तर घडीचं भिंग. सोनार डोळ्याला लावून खडा बघतो तसलं. १० एक्स, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं, आत तीन काचा एकाला एक चिकटवलेल्या म्हणजे ट्रिपलेट, काच १८ मिलिमीटर रुंद, स्टीलचं कव्हर, एका स्क्रूवर फिरून उघडतं. ६५० रुपये पडले. ब्रँड लिहीत नाही कारण हाच फोटो आणि हीच वस्तू तीन-चार वेगवेगळ्या नावांनी दिसते, त्यामुळे नाव सांगून तुम्हाला काही फायदा नाही, काय बघून घ्यायचं ते सांगतो.

आता भिंग कशाला हवं होतं, तर एका फुलापायी. आम्ही रत्नागिरीकर, गावाबाहेर पडलं की जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे सपाट खडकाळ माळ, लागतो, उन्हाळ्यात तव्यासारखा तापलेला, त्यावर काळं कुत्रंसुद्धा दिसत नाही. पण मिरगाचा पाऊस पडून महिना झाला की तोच सडा हिरवा होतो, खोलगट भागात घोट्याएवढं पाणी साचून राहतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्या पाण्याच्या कडेने फुलंच फुलं. सीतेची आसवं निळी-जांभळी, गेंद पांढरे, तेरडा, आणि त्यांच्यामधे एक पिवळं फूल, करंगळीच्या नखाएवढं, वाटाण्याच्या फुलासारखं तोंड असलेलं, ते मला दर वर्षी दिसायचं आणि दर वर्षी मी "असेल काहीतरी" म्हणून पुढे जायचो. मी बँकेत नोकरी करतो, बॉटनीशी संबंध बारावीत संपला. भाची सातवीत गेली आणि तिला शाळेतून पावसाळी वनस्पतींचा प्रोजेक्ट मिळाला तेव्हा तिने ह्याच फुलावर बोट ठेवलं. "मामा हे काय?" झालं, आता मामाची इज्जत पणाला.

पहिला उपाय अर्थातच मोबाईल. फोटो काढला, झाड ओळखणाऱ्या अ‍ॅपला दिला. त्याने सांगितलं लाजाळू. अहो लाजाळूचं फूल गुलाबी गोंडा असतो, आणि लाजाळू मुळात आपली नाहीच, ती अमेरिकेतून आलेली. दुसऱ्या कोनातून फोटो दिला तर म्हणे टाकळा. तिसऱ्यांदा म्हणाला भुईमूग! आम्ही दोघं सड्यावर खदाखदा हसलो. (नंतर वाचताना कळलं की भुईमूग म्हणजे अगदीच वेडेपणा नव्हता, ह्या फुलाचं आणि भुईमुगाचं कूळ एकच काय, कुळातला गटही एकच आहे, आणि शिसवसुद्धा त्याच गटातला. म्हणजे अ‍ॅपने चुलतभावाला हाक मारली होती.) मग फॅमिली ग्रुपवर टाकलं, तिथे दोन मिनिटांत उत्तर आलं, "मिकी माउस! आम्ही कासला बघितलंय!" कास पठार म्हणजे आमच्या नातेवाईकांसाठी रानफुलांची पंढरी, २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं तेव्हापासून तर जास्तच. पण मिकी माउस हे काही एका फुलाचं नाव नाही. पिवळ्या पाकळीवर दोन लाल ठिपके दिसले की लोक मिकी माउस म्हणून मोकळे होतात. आमच्या फुलावर ठिपके असून नसल्यासारखे, एखाद्या फुलावर फिकट नारिंगी रेघ, बस. मग हा कुठला मिकी?

इथे भिंग पाहिजे असं मला एका ओळखीच्या मास्तरांनी सांगितलं, कॉलेजात शिकवायचे, आता रिटायर. ते म्हणाले, "तुम्ही सगळे पाकळ्यांचे फोटो काढता, ह्या घराण्यात पाकळ्या सगळ्यांच्या सारख्याच, मागे उभी पताका, बाजूला दोन पंख, खाली होडी. पाकळी सोड, फुलाच्या खालचा हिरवा पेला बघ, आणि शेंग बघ. भिंग घे एक." फोन ठेवला.

पहिलं भिंग मी घेतलं १८० रुपयांचं. वर "३० एक्स" लिहिलेलं, एलईडी दिवा, रेक्झिनचं पाकीट, चार हजार रिव्ह्यू, सगळे खुश. मी पण खुश, कारण १० पेक्षा ३० मोठं, हिशोब सरळ. फूल धरलं तर मधलं दिसायचं जेमतेम आणि कडेला सगळं वाकडं, वर जांभळी-पिवळी किनार, दूरदर्शनच्या जुन्या कलर टीव्हीसारखी. मास्तरांना दाखवलं तर त्यांनी एक गंमत करून दाखवली, ही मात्र प्रत्येकाने भिंग हातात आल्या आल्या करून बघा. खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीपाशी उभं राहायचं, भिंग भिंतीसमोर धरायचं आणि पुढे-मागे करत खिडकीचं छोटं उलटं चित्र भिंतीवर स्वच्छ उमटवायचं. ते उमटलं की भिंतीपासून भिंगापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं, मिलिमीटरमधे. २५० ला त्या आकड्याने भागलं की भिंगाची खरी ताकद. खरं १० एक्स असेल तर अंतर २५ मिलिमीटर येणार. खरं ३० एक्स असेल तर आठ-साडेआठ मिलिमीटर, म्हणजे फूल जवळजवळ काचेलाच टेकवावं लागेल. माझ्या १८० रुपयेवाल्याचं अंतर आलं ५० मिलिमीटर. करा भागाकार. पाच! तीस लिहून पाच विकलेलं. विक्रेत्याला मेसेज केला, पट्टीचा फोटो पाठवला, तर उत्तर आलं की प्रॉडक्ट डिस्क्रिप्शनप्रमाणेच आहे, आणि रिटर्नची मुदत संपली. संपलीच होती, कारण मी पंधरा दिवस माझेच डोळे खराब झाले असं समजत होतो.

मग हे साडेसहाशेचं. आल्या आल्या खिडकी, भिंत, पट्टी. २५ आणि थोडं. पास. शिवाय कडेपर्यंत स्वच्छ, रंगाची किनार नाही, ह्यालाच त्या तीन काचांचे पैसे असतात. एकच काच असली की वेगवेगळे रंग वेगवेगळ्या ठिकाणी जमा होतात, म्हणून किनार दिसते, वेगवेगळ्या जातीच्या काचा चिकटवून ती चूक एकमेकींकडून काढून घेतलेली असते. दिवा वगैरे काही नाही ह्याला, आणि नसलेलाच बरा, सड्यावर उजेडाला काय तोटा.

वापरायची पद्धत मी दोन दिवस चुकीची करत होतो ते पण सांगतो. आपण सिनेमातल्या डिटेक्टिव्हसारखं भिंग लांब धरतो आणि त्यातून बघतो. तसं नाही. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं, चष्मा असेल तर चष्म्याला, दुसरा डोळा पण उघडाच ठेवायचा आणि फूल उचलून भिंगाकडे आणायचं, दोन बोटांच्या अंतरावर, एकदम झटक्यात स्वच्छ होतं. भिंग धरलेल्या हाताचं बोट फूल धरलेल्या हाताला टेकवून ठेवलं की थरथर थांबते. आणि श्वास खाली सोडायचा, नाहीतर काचेवर वाफ.

ऑगस्टचा शेवटचा रविवार, पाऊस अर्धा तास उघडलेला, मी आणि भाची गमबूट घालून सड्यावर. शेवाळावरून जपून. एकच फुलांची काडी घेतली, एकच, तिथे रांगोळी घालतात तसे फुलांचे गालिचे असतात म्हणून ओरबाडायची गरज नाही. आणि उकिडवं बसून बघितलं.

अहो काय सांगू. आधी पान. लांबून साधं चिंचेच्या पानाची लहान आवृत्ती वाटणारं, पण भिंगातून प्रत्येक पानुल्याच्या कडेला राठ केस, एकेक सुटा मोजता येतो, पापणीसारखा. आणि देठाच्या टोकाला शेवटचं पान नाहीच, तिथे एक बारीक काटेरी केस आहे. बोट लावलं तर पानं हळूहळू मिटायला लागली, लाजाळूइतकी नाटकी नाही, सवडीने. अ‍ॅप लाजाळू म्हणालं त्यात त्याचा अगदीच दोष नव्हता म्हणायचा.

मग पेला, कॅलिक्स म्हणतात तो. दोन ओठांचा, वर एक खाली एक, चिमणीच्या पिल्लाने चोच उघडावी तसा, आणि त्याच्यावर शिरा. मास्तरांनी सांगितलेलं हेच ते ठिकाण. ह्या फुलाच्या जवळच्या भाऊबंदांत दोन प्रकारचे पेले असतात. एकात शिरा जाळीदार, वहीत ठेवून वाळवलेल्या पिंपळाच्या पानासारख्या. दुसऱ्यात शिरा सरळसोट एकीशेजारी एक, मागावर ताणलेल्या सुतासारख्या, एकमेकींना न शिवता बुडापासून टोकापर्यंत. भाचीला काही न सांगता भिंग दिलं आणि विचारलं काय दिसतं. ती म्हणाली, "मामा, रेघांची वही." सिंगल लाइन!

सरळ शिरा म्हणजे निम्मे भाऊबंद एका फटक्यात बाद. नुसत्या डोळ्याने ह्या शिरा दिसत नाहीत, मोबाईलच्या फोटोत तर नाहीच, आणि सगळी ओळख त्याच्यावर. पाच एक्सवाल्या भिंगातून पण मी मुद्दाम घरी येऊन बघितलं, नुसता हिरवा धुरकट पेला, शिरा असाव्यात असा संशय येतो इतकंच.

खरी मजा शेंगेत. फूल गळून गेलेला एक पेला घेतला, रिकामा वाटत होता, टाचणीने ओठ बाजूला केले तर आत शेंग! पण सरळ नाही, घडी घालून ठेवलेली, पेटीच्या भात्यासारखी, पुढे मागे पुढे मागे. टाचणीने हळूच ओढली तर उलगडली, पाच गोल मण्यांची माळ, प्रत्येक मण्यात एक बी, आणि मण्यांच्या अंगावर चामखिळीसारखे बारीक दाणे. अख्खी शेंग पेल्याच्या आत मावलेली, बाहेरून पत्ता नाही. दोन पावसाळ्यांत मी ही गोष्ट पंचवीस-तीस जणांना दाखवली असेल, एकाने पण "हं" म्हणून भिंग परत दिलेलं नाही, प्रत्येकजण दुसरी शेंग शोधायला लागतो.

ह्या घडीवरच घराणं पक्कं होतं. स्मिथिया. मराठीत कवळा, कोणी कवला म्हणतं. नाव पडलंय जेम्स एडवर्ड स्मिथ नावाच्या साहेबावरून, ज्याने लिनियसचा, म्हणजे झाडांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्याचा, सगळा संग्रह विकत घेतला आणि १७८८ मधे लंडनला लिनियन सोसायटी काढली, पुढच्याच वर्षी एटन नावाच्या दुसऱ्या साहेबाने हे नाव छापलं. आता आमच्या चिखलातल्या फुलाला त्या स्मिथचं नाव का, हा प्रश्न भाचीने विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण एक गोष्ट सांगून तिचं समाधान केलं, ह्याच घराण्यात एक कवळा आहे त्याचं नाव स्मिथिया आघारकरी, आणि वनस्पतीशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर हे आपल्या मालवणचे, १८८४ सालचा जन्म, पुण्यातली आघारकर संस्था त्यांच्याच नावाची. मग ती खुश.

कवळ्यातला कुठला कवळा, तर बाकीची नावं लॅटिन असली तरी सरळ आहेत. बायजेमिना म्हणजे दोन जोड्या, पानावर चारच पानुली. हिरसुटा म्हणजे केसाळ. पर्पुरिया जांभळा, तो तर लांबूनच कळतो, पिवळ्याच्या जागी जांभळं फूल. कॉन्फर्टा म्हणजे दाटीवाटीचा, फुलं शेंड्याला पानांच्या झुबक्यात कोंबलेली. आमच्या काडीवर पानुल्यांच्या पाच ते आठ जोड्या होत्या, शिरा सरळ, आणि फुलं बारीक दांड्यावर पानांपासून सुटी, म्हणजे स्मिथिया सेन्सिटिव्हा. घरी येऊन थिओडोर कुकची मुंबई इलाख्याची जुनी वनस्पतीसूची, १९०१ ते १९०८ ची, नेटवर फुकट आहे, ती उघडून ताडून बघितलं. इंग्रजी जडच आहे, पण भिंगातून एकदा बघितलेलं असलं की वाक्य वाचताना चित्र डोळ्यासमोर येतं, न बघता वाचलं तर नुसतं गुऱ्हाळ.

पुढच्या आठवड्यात लगेच परीक्षा झाली. खाली भाताच्या खाचरात, बांधाला लागून, अगदी तसंच पिवळं फूल, तशीच चिंचेसारखी पानं, भाची ओरडली "कवळा!" मी पण हो म्हणणार होतो. पण झाड कमरेएवढं उभं, आणि शेंगा बाहेर लोंबत होत्या, सरळ, आठ-नऊ मण्यांच्या, घडी नाही काही नाही. पानुलीही मोजली तर एका पानावर वीस-पंचवीस जोड्या. हा दुसराच, एशिनोमिनी इंडिका. आमच्याकडे शेतकरी त्याला नुसतं तण म्हणून उपटून टाकतात. ह्याचं खोड बुडाशी फुगीर, नखाने दाबलं तर भुसभुशीत, स्पंजासारखं. ह्याचाच जाड भाऊ आहे एशिनोमिनी अस्पेरा, त्याचा पांढरा गाभा म्हणजे आपलं भेंड, लग्नातली बाशिंगं ज्याची करतात ते, आणि साहेब लोकांची ती जुनी सोला हॅट पण त्याचीच. तर ह्या खोडावर पाण्याच्या जरा वर बारीक पुटकुळ्या होत्या, मी आधी कीड समजलो. भिंगातून बघितलं तर हिरवट गाठी. नंतर वाचलं की ह्या जातीत नत्र पकडणाऱ्या जंतूंच्या गाठी मुळावर तर असतातच, खोडावर पण येतात, आणि ते जंतू स्वतः थोडंफार प्रकाशसंश्लेषण करतात, म्हणजे भाडेकरूने स्वतःचा सोलर लावलाय.

ह्या नत्रावरून आठवलं, सड्यावरची अख्खी वस्ती कशी चालते ते मला ह्याच नादात कळलं. जांभ्यावर माती बोटभर, आमच्याकडचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, जे काही सत्त्व असेल ते वाहून समुद्रात. मग नत्र आणायचं कुठून? सीतेची आसवं पाण्यातले बारीक जीव पिशव्यांत पकडून खातात, दवबिंदू पानावरच्या चिकट थेंबांनी माशा पकडतो, आणि त्यांच्या शेजारी उभा कवळा मुळाच्या गाठीत जंतू पाळून हवेतून घेतो. दवबिंदूची चिकट बोटं पण १० एक्समधून बघा, ह्या वस्तूचे अर्धे पैसे तिथेच वसूल.

आता काकी. माझी काकी पेणकडची, लग्न होऊन इकडे आली. वाळवलेली काडी टेबलावर होती, ती चहा घेऊन आली आणि बघून म्हणाली, "कवळा कशाला आणलास रे आता? फुलावर आला म्हणजे जून झाला. भाजी आषाढ-श्रावणात खायची." मी म्हटलं, "काकी, तू ओळखतेस?" तर म्हणे, "न ओळखायला काय झालं? पेणच्या बाजारात जुड्या येतात. मला विचारायचंस, साडेसहाशे कशाला घातलेस?" मी गप्प. बोलण्यासारखं काही नव्हतं. एक अ‍ॅप, एक ग्रुप, दोन भिंगं, एक रिटायर प्रोफेसर आणि उत्तर स्वयंपाकघरात.

पण म्हटलं थांब, आणि तिला पेला उघडून शेंग दाखवली. तिने भिंग डोळ्याला लावलं, बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाली, "अगो बाई, साडीच्या निऱ्या आहेत की." पन्नास वर्षं भाजी निवडली, पण फुलावर आलेला कवळा टोपलीत येतच नाही त्यामुळे शेंग कधी बघितलीच नव्हती. आणि तिच्या लेखी जाळीच्या शिरांचा काय आणि सरळ शिरांचा काय, भाजीत गेला की कवळा तो कवळा. तिची पद्धत पण लिहून ठेवतो: कोवळी पानं चारदा धुवायची कारण पाणथळ जागेतली, चिखल सुटता सुटत नाही, बारीक चिरायची, कांदा-लसणाची फोडणी, भिजवलेली मूगडाळ, वरून ओलं खोबरं. मात्र कोणी हे वाचून सड्यावरची पानं मोबाईलला विचारून खाऊ नका, ज्याला टाकळा आणि भुईमूग एकच वाटतो त्याच्या भरवशावर भाजी करायची नसते. घरातल्या बायकांना विचारा.

बरं, भिंगाच्या तक्रारी. आहेत. स्क्रू पहिल्याच पावसाळ्यात ढिला झाला, काच आपोआप बाहेर लटकायला लागली, चष्मेवाल्याकडून बारीक स्क्रूड्रायव्हरने आवळून घेतला, त्याने पैसे घेतले नाहीत पण महिन्याने परत ढिला. कव्हरवरची चमक दुसऱ्या वर्षी कडेने उडाली, खाली तांबूस डाग आलेत, जाहिरातीत स्टेनलेस लिहिलं होतं, असो, खाऱ्या हवेत आमच्या खिडक्यांचे गज टिकत नाहीत तर हे काय. दोरी अडकवायला भोक आहे पण दोरी दिलेली नाही, सड्यावर एकदा गवतात पडलं तर हुडकायला अर्धा तास गेला. आता लाल नाडी बांधली, लाल ह्यासाठी की हिरव्यात दिसते.

सगळ्यात मोठी भीती बुरशीची. कोकणात पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या काचेवर बुरशी धरते तशी ह्याच्यावरही धरते, आणि एकदा काचांच्या आत शिरली तर निघत नाही. पहिल्या वर्षी कपाटात तसंच ठेवलं होतं, गणपतीत बघितलं तर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा. नशीब बाहेरच्या बाजूला होता, पुसला गेला. तेव्हापासून घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत चपलांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या. आणि ओलं भिंग घडी करून बंद करायचं नाही, आधी सुती कापडाने टिपायचं. शर्टाच्या टोकाने पुसू नका, सड्यावर शर्टाला जांभ्याची धूळ असतेच, ओरखडे पडतात. माझ्यावर एक पडलाय.

फोटो काढता येतो का असं बरेच जण विचारतात. येतो, मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर भिंग टेकवून, पण तीन हात लागतात, भाची असेल तर जमतं. शिरांचे फोटो आम्ही असेच काढले, तिच्या प्रोजेक्टमधे लावले, शाळेत बाईंनी विचारलं म्हणे नेटवरून घेतले का.

कोणी घेऊ नये? ज्याला पुस्तक वाचायला भिंग हवंय त्याने अजिबात नको, एका वेळी अर्धा शब्द दिसतो. लांबचे पक्षी वगैरे तर विषयच नाही. सात-आठ वर्षांच्या मुलांना डोळ्याला लावून धरायला जमत नाही, कंटाळतात, त्यांना हातात धरायचं मोठं तीन एक्सवालं बरं. आंबावाल्यांनी मात्र घ्यावं, माझ्या शेजाऱ्याने मोहोरावरचे तुडतुडे आणि फुलकिडे ह्यातून बघितले आणि फवारणीआधी बघायला म्हणून स्वतःचं एक मागवलं. पायात रुतलेला काटा काढायला तर ह्याच्यासारखं दुसरं नाही, ती सेवा घरात सगळ्यांना दिलेली आहे.

पाचपैकी चार. एक कापला तो स्क्रू आणि दोरीचा. १८० रुपयेवाल्याला अर्धा, तोही पाकीट बरं आहे म्हणून, त्यात मी आता सिम कार्ड काढायची पिन ठेवतो.

भिंग सध्या माझ्याकडे नाही. काकीने ठेवून घेतलंय, औषधाच्या पट्टीवरची तारीख बघायला, आणि परत मागितलं तर म्हणते कवळ्याची भाजी खायला ये तेव्हा बघू. म्हणून परवा दुसरं मागवलं, तेच, ह्यावेळी ६९० झालंय. आलं की आधी खिडकी-भिंत-पट्टी करीन आणि स्क्रू सुधारलाय का ते इथेच खाली लिहीन.